हातांचा क्लोजअप

“शर्ट आहे की फटाका?” आवाजवाला माझ्या नवऱ्याच्या छातीशी वाकून पुटपुटत होता. “वरून बटणं, आतून वेल्क्रो. जरा हलले की माइकमध्ये चर्र!”

मी हातभर अंतरावर फाइली लावत होते. “धुवायला सोपं पडतं,” मी म्हणाले.

बटणांपेक्षा वेल्क्रो धुवायला सोपं कसं, हे त्याने विचारलं नाही. ह्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं, पण माझी तेवढीही हौस उरली नव्हती.

आपल्याकडच्या एका वाहिनीला परदेशात काम करणाऱ्या आपल्या माणसांवर मालिका काढायची होती. सुरुवात जनावरांच्या डॉक्टरपासून. आधी एकच भाग नमुन्याला, त्याला ते पायलट म्हणत. तो वरच्या साहेबांना आवडला तर पुढचे बारा. कुणाच्या तरी भाच्याच्या ओळखीतून आमचा नंबर निघाला आणि हे फोनवरच हो म्हणून बसले. मी “कशाला?” म्हटलं, तर म्हणाले, “बावीस वर्षं केलं. कुठेतरी दिसू दे.” मी पडदे धुवायला काढले.

सकाळी तिघं आले. डायरेक्टर म्हणजे तिशीची चुणचुणीत मुलगी, तिच्यामागे कॅमेरावाला, त्याच्यामागे हा आवाजवाला. तिघांत मिळून सात पेट्या. कॅमेरावाल्याने आल्या आल्या कुत्र्यांच्या काट्यावर उभं राहून स्वतःचं वजन केलं आणि काटा बिघडलाय म्हणून सांगितलं.

“काकू, आम्ही तुमच्या अजिबात मध्ये येणार नाही हं,” डायरेक्टर म्हणाली आणि माझं टेबल उचलून खिडकीखाली ठेवलं.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. लसी झाल्या, एका मांजरीचे कान झाले, एका सशाचे दात झाले. दात कापायचं काम नर्सने केलं, हे शेजारी उभं राहून बोलत राहिले. बोलतात छान. मग डायरेक्टरने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “काका, आता ऑपरेशन. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात ना सगळे, तो दिसला पाहिजे. हातांचा क्लोजअप हवाय मला.”

ऑपरेशनची खोली आठ महिने बंद होती. कारण विचारलं तर नर्स लोकांना सांगायची, दिवा नादुरुस्त आहे. नर्स इथलीच, सोळा वर्षं ह्यांच्याबरोबर. तिला असं सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. एका सोमवारी तिने आपणहून एका बाईला दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला, आणि तेव्हापासून आमचा दिवा नादुरुस्त झाला तो झालाच.

डायरेक्टरने बटण दाबलं. खोली लख्ख उजळली.

“अय्या, काय मस्त दिवा आहे!”

नर्सला भाषा कळली नाही, पण ती खाली बघायला लागली.

खरी गोष्ट अशी होती की गेल्या वर्षी ह्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आधी सकाळपुरत्या, मग दिवसभर. “मानेची शीर असेल,” हे म्हणाले आणि पुढे तपासणीला गेले नाहीत. जनावरांना वेळेवर आणलं नाही म्हणून लोकांवर तोंडसुख घेणारा हा माणूस! कप फुटले तेव्हा कप गुळगुळीत होते. सही वाकडी झाली तेव्हा पेन भिकार होतं. मी मोठ्या कानाचे कप आणले, शर्टांची काजं शिवून टाकली आणि आतून वेल्क्रो लावलं. रोज सकाळी मी विचारायचे, “मुंग्या?” हे म्हणायचे, “आहेत,” किंवा “कमी आहेत.” एवढंच संभाषण. सुरुवातीला मला रडू यायचं. नंतर तेही यायचं बंद झालं, नळाला पाणी येणं बंद होतं तसं. आपण बादली लावायचंही विसरून जातो.

कुत्रा शूटिंगसाठी ह्यांनीच बोलावून घेतला होता, तपकिरी, म्हातारा, खांद्यावर लिंबाएवढी गाठ. मालक निवृत्त पोस्टमन, बाहेरच्या बाकावर पट्टा मांडीवर घेऊन बसला होता. साधं काम होतं. पूर्वी हे असली गाठ नाटकाच्या गप्पा मारत काढायचे.

हात धुवायच्या बेसिनपाशी मी ह्यांना गाठलं. “मुंग्या आहेत?”

“फार आहेत आज.”

“मग?”

“मग काय? करतो.”

माइक चालू होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दहा मिनिटांनी मी आत गेले तर डायरेक्टर जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. हातात पांढरा खडू. टेबलाच्या चारी पायांभोवती गोल, दारात आडवी रेघ, भिंतीच्या कडेने उभी रेघ.

“काकू, सांगायचं ना हो आधी!” ती म्हणाली. “आवाजवाल्याने ऐकलं म्हणून बरं. समोरच्या दुकानातून मुंग्यांचा खडू आणला. ऑपरेशनच्या खोलीत मुंग्या दिसल्या तर प्रेक्षक काय म्हणतील?”

हसायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तिला समजवायचं तर कुठल्या मुंग्या ते सांगावं लागलं असतं. नर्सने इथल्या भाषेत मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, शूटिंगचं काहीतरी. मग हे आले. दारातल्या रेघेकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाय नीट उचलून, पाहुण्यांचा मान राखावा तसे, ती रेघ ओलांडून आत आले.

कुत्र्याला झोप लागली होती. मला डोक्याच्या बाजूला उभं केलं होतं, त्याच्या कानावर हात ठेवून. कान गरम होता. नर्सने सुरी ह्यांच्या हातात दिली. कॅमेरा वितीवर आला.

सुरी खाली पडली.

“हरकत नाही, परत घेऊ,” डायरेक्टर म्हणाली.

नर्सने दुसरी दिली. ती पडली नाही. मी पाहत होते. हे सुरीकडे पाहत होते. कापायच्या जागेकडे नाही, सुरीकडे. ती बोटांत आहे का नाही, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं. नजर गाठीकडे वळवली की पकड सुटायची, सुरी तिरकी व्हायची. मग परत नजर बोटांकडे.

कॅमेरावाला कॅमेऱ्यावरून डोळा काढून थेट त्यांच्या हाताकडे बघायला लागला. क्लोजअपमध्ये सगळं मोठं दिसतं. त्याला कळलं असावं.

“काका, जरा पटकन,” डायरेक्टर हलकेच म्हणाली. “आणि चेहरा थोडा हसरा.”

हे हसले. खरंच हसले. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सुरीचं टोक कातडीवर टेकवलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत ती ऑपरेशनच्या मध्ये कधी बोलली नव्हती आणि आत्ताही बोलणार नव्हती. बाहेर बाकावर म्हातारा खोकला. माझ्या हाताखालचा कान जरासा हलला, झोपेतच.

मी हात पुढे करून ह्यांचं मनगट धरलं. वेल्क्रो चर्र वाजलं.

“कट कट,” आवाजवाला म्हणाला.

“अहो,” मी म्हणाले, “तुम्हाला आता ऑपरेशन करता येत नाही.”