चिमीचा मणी

धाकट्या जावेचा हात जुन्या माळांवर चांगलाच बसला होता. जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरायचा, कुजलेला दोरा कापायचा, मणी टॉवेलच्या घडीत ओळीने मांडायचे आणि मेण लावलेल्या नव्या दोऱ्यात गाठी मारत त्याच क्रमाने ओवायचे. कुठे एक डाग राहिलेला तिला खपत नसे. नवरा म्हणायचा, "हिच्या तावडीत चंद्र सापडला तर त्याचेही डाग घासून काढील."

थोरल्या जाऊबाईंची काळ्या लाकडी मण्यांची माळ अशीच तिच्याकडे आली. त्यातला एक मणी तर उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. धाकटीने अख्खी दुपार खर्ची घालून तो बारीक पॉलिश पेपरने घासला, तेल चोळून गुळगुळीत केला आणि स्वतःवरच खूश झाली.

माळ न्यायला आलेल्या जाऊबाईंनी ती गळ्यात घातली नाही. डोळे मिटून मण्यांवरून बोटं फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली.

"चिमीचा मणी कुठाय गं?"

"चिमीचा?"

"दात येत होते ना, तेव्हा माझ्या मांडीवर बसून चावायची. चार खुणा होत्या बघ."

चिमी ही जाऊबाईंची एकुलती एक लेक. दीड वर्षाची असताना तापाने गेली, धाकटी या घरात यायच्या कितीतरी आधी. तिचा विषय घरात कोणी काढत नसे.

"तो होय! नाजूक झालाय म्हणून बाजूला ठेवलाय, ताई," ती बोलून गेली. "उद्या ओवून देते."

"जप हो त्याला," म्हणत जाऊबाई माळ तिच्याकडेच ठेवून गेल्या.

खोटं बोलताना आपली जीभ जराही अडखळली नाही, याचीच धाकटीला जास्त लाज वाटली. सकाळी तिने माळ पुन्हा कापली. तो मणी शोधून काढला, दाढेखाली धरला आणि जोर लावून चावला. खुणा उमटल्या. चांगल्या रुंद आणि खोल. त्यांच्याकडे बघताना तिला स्वतःची किळस आली. गेलेल्या लेकराची सही खोटी करायला निघालो होतो आपण! मणी, सुई-दोरा सगळं टॉवेलात गुंडाळून तिने तडक जाऊबाईंचं घर गाठलं.

"ताई, मीच तो घासून टाकला. मला वाटलं, खराब झालाय. काल तुमच्याशी खोटं बोलले. आणि आता हे... हे दात माझे आहेत."

जाऊबाईंनी मणी हातात घेतला. अंगठ्याने खुणा चाचपत बसल्या. त्यांनी आपल्याला फाडफाड बोलावं, घराबाहेर काढावं, असं धाकटीला मनापासून वाटत होतं.

"मोठे आहेत गं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आत्तापर्यंत तिचेही एवढे झाले असते."

त्यांनी मणी धाकटीच्या तळहातावर ठेवला. "हाच ओव. त्याच जागी."

धाकटी तिथेच जमिनीवर टॉवेल पसरून बसली. डोळे इतके भरून आले होते की तिला सुईचं नेढं दिसेना. मग जाऊबाईंनीच सुईत दोरा ओवून दिला.