मोबाईलमधला कौल

मतदानाच्या आदल्या दिवशी पोशेऱ्याकडच्या आमच्या पाड्यावर तुषारभोवती ही गर्दी जमली. ठाण्याला कामावर राहून आलेल्या तुषारच्या मोबाईलमध्ये एक ‘बाजार’ होता. कोण निवडून येईल यावर लोक त्यात पैसे लावत. ज्याच्यावर पैसा जास्त, त्याचा भाव चढे. हा बाजार चुकत नाही, आमदारकीचा निकालही त्याने आधीच सांगितला होता, असं तुषार छातीठोक सांगे. सरपंचपदासाठी देवरामचा भाव होता शंभरात नव्वद. गौराबाईचा दहा.

गौराबाई तीन वर्षं नळाच्या पाण्यासाठी जव्हारला खेटे घालत होती. पाडा तिच्याच बाजूचा. पण भाव ऐकून माणसं म्हणाली, हरणारीपायी मजुरी कशाला बुडवायची? मोबाईलवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी मनात हसलो, अडवलं मात्र कुणाला नाही. मतदानाच्या सकाळी वीसेक जण मत न देताच जीपने कामावर गेले.

गौराबाई चार मतांनी पडली.

निकालानंतर तर लोक तुषारच्या मोबाईललाच हात जोडू लागले. शाळेतल्या मीनाबाईंनी त्याला विचारलं, पंचायत समितीला कोण येणार? त्याने दाखवलं: संदीप सत्तर, मंगळू चार, उरलेला भाव बाकीच्यांचा. मंगळूने तर अर्ज कधीच मागे घेतला होता. बाईंनी आपल्या फोनवरून मंगळूवर पाचशे रुपये लावले. सगळ्यांदेखत त्याचा भाव एकसष्टवर गेला.

“जो उभाच नाही, तो आता जिंकतोय,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. मोठ्या निवडणुकीत हजारो लोक पैसे लावतात, तेव्हा अंदाज बऱ्याचदा जवळ जातो. तरी सत्तर भाव म्हणजे दहातल्या तीन वेळा उलटंही होणार. इथे खेळणारे दहाजण. कुणीही भाव वाकवावा. मग त्यांनी तुषारलाच विचारलं, देवरामचा कुणी चढवला?

तुषारने मान खाली घातली. “देवरामदादानीच पैसे दिलेले. मी फक्त लावले.”

त्या सकाळी जीपने गेलेला बुधा गर्दीतल्या गौराबाईकडे वळून म्हणाला, “आमच्या घरची पाच मतं होती, गौराबाई.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि उठून गेली.

भाव म्हणजे पैसे लावणाऱ्यांचा अंदाज. मतं मोजेपर्यंत काही ठरलेलं नसतं. उद्याचा निकाल आज कुणी दाखवला, तर आधी विचारा, यात पैसा कुणाचा? उत्तर काहीही येवो, मत देऊन मगच कामावर जा.