लाल दोऱ्याच्या शेंगा

मित्रांनो, झाकण उघडण्याआधीच सांगून टाकतो, माझ्यात बिस्किटं नाहीत. गेली तीस वर्षं जो तो आशेनं मला उघडतो आणि तोंड वाकडं करून बंद करतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर कधीकाळी दोन घोड्यांची गाडी रंगवलेली होती. घोडे पुसले गेले, गाडी गेली, एक चाक तेवढं उरलं आहे. पण रुबाबाचं विचाराल तर तो अजून शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या तुकड्याला ठोकून, वाकवून, कडा दुमडून मला चौकोनी केलं. जन्मतःच इतका मार खाल्ला, की पुढे कुणी आपटलं तरी त्याचं फारसं वाटलं नाही. मग बिस्किटं भरून मी एका घरी आलो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली आणि आता आपली रवानगी भंगारात, असं मी धरूनच चाललो होतो. पण ते घर होतं शिवणकाकूंचं. काकू कपडे शिवायच्या. त्यांनी मला पुसलं, उन्हात ठेवलं आणि माझ्यात दोऱ्याची रिळं नि बटणं भरली. त्यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्या वासाची मला अजून इतकी आठवण येते म्हणून सांगू!

काकूंचे यजमान बसवर ड्रायव्हर होते. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी चिंगी. या घरात एक पद्धत होती. गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काकू प्रत्येकाच्या कापडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायच्या. तीच सवय घरातही लागली. लाल दोरा चिंगीचा. तिच्या पेल्याला लाल दोरा, टॉवेलला लाल दोरा, दप्तराच्या बंदालाही लाल दोरा. लाल दोरा दिसला की त्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

एकदा काकू माहेरी जाऊन आल्या त्या रुमालाच्या टोकाला काहीतरी बांधूनच. त्यांच्या आईनं घेवड्याचं बी दिलं होतं. पांढरे दाणे, त्यावर जांभळे ठिपके. ठेवायला दुसरं काही सापडेना म्हणून त्यांनी ते माझ्यात टाकलं, बटणांच्या शेजारी. बटणं नाराज झाली, पण त्यांचं कोण ऐकतो! काकूंनी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत घेवडा लावला. तो तारेवर चढला, शेंगांनी लगडला आणि काकूंना नाद लागला तो लागलाच. बादल्या वाढल्या. फुटकं बेसिन आलं, सुताराकडून खोकी आली. वर्षभरात बटणांना दुसरं घर शोधावं लागलं आणि मी बियांचा डबा झालो.

पहिल्या वर्षी काकूंनी मुळ्याचं सगळं बी एकदमच पेरलं. मग काय, मुळा एकदमच आला. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मुळा. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मग दोन महिने गच्चीवर नुसती माती. तेव्हा काकूंनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माझ्यात बारा कप्पे केले आणि प्रत्येकावर टाके घातले. पहिल्या महिन्याला एक टाका, बाराव्याला बारा. ज्या महिन्यात जे पेरायचं, ते त्या कप्प्यात. तेही एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं. "ताटात आहे तोवरच पुढचं पेरायचं. संपल्यावर पेरणारा उपाशीच राहतो," असं त्या चिंगीला सांगायच्या. टोमॅटो, मिरची, पालक, काकडी, भोपळा, बारा महिने काही ना काही असायचंच. त्या दिवसांत माझी काय शान होती! शेजारणी यायच्या, मला उघडून बघायच्या आणि काकूंचं कौतुक करायच्या. मी ते निम्मं स्वतःकडे घ्यायचो.

चिंगी मोठी झाली. तिला लांबच्या शहरात चष्म्यांच्या कारखान्यात काचा तपासायची नोकरी लागली. निघताना काकूंनी तिला घेवड्याच्या बियांची पुडी दिली. "खिडकीत लाव. लावशील ना?" चिंगी म्हणाली, "लावीन गं आई." त्या वर्षीपासून काकू बियांसाठी राखलेल्या शेंगांना लाल दोरा बांधू लागल्या. का बांधत होत्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चिंगीचं म्हटलं की कुणी तोडणार नाही, एवढंच त्यांच्या मनात असावं. नाहीतर आणखीही काही असेल.

दर रविवारी सकाळी फोन यायचा, नुसता आवाजाचा, चेहरा न दिसणारा. काकू माझ्या झाकणाला टेकवून फोन उभा ठेवायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"घेवडा काय म्हणतो?"

"छान आहे. वर चढलाय."

"शेंडा खुड हं. शेंडा खुडला की फुटवे फुटतात."

"खुडला."

फोन ठेवला की काकू गच्चीवर जायच्या आणि आपल्या वेलाशी उभ्या राहायच्या. एकदा त्या त्याला म्हणाल्या, "तिच्याकडेही फुलं आलीत बरं का." लेक लांब होती, पण दोघींकडे एकच वेल आहे, या कल्पनेवर त्यांचा आठवडा निघायचा. अशी सहा वर्षं गेली.

मग तो दिवस आला. काकू मला काखोटीला मारून गच्चीचा जिना उतरत होत्या आणि पाय घसरला. आम्ही दोघंही खाली आलो. काकूंचा खुबा मोडला आणि माझं झाकण वाकलं. काकू दवाखान्यात, मी फळीवर. मित्रांनो, आता कबूल करायला हवं. वाकलेल्या झाकणाच्या फटीतून भुंगे शिरले आणि त्यांनी घेवड्याचे दाणे पोखरून टाकले. मी ओरडू शकत नव्हतो. ज्याच्यासाठी मला जपलं होतं, तेच मला जपता आलं नाही.

काकू घरी आल्या, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. दाणे हातावर घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. चार दाणे धड होते. ड्रायव्हरकाका तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर पहाटे घर सोडलेला माणूस, त्यांनी गच्ची पाहिली होती ती कपडे वाळत घालण्यापुरती. आता काकू खालच्या खिडकीतून ओरडायच्या आणि काका वर धावपळ करायचे.

"पाणी घातलंत का?"

"घातलं!"

"मुळाशी की पानांवर?"

वर बादलीचा खडखडाट. "आता मुळाशी घालतो!"

पण माणूस वेळेचा पक्का. टाके मोजून, तारीख बघून पेरणी करायचा. चारपैकी तीन रोपं गोगलगायींनी खाल्ली, एक वेल वर चढला. शेंगा आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "सगळ्यांत चांगल्या सहा शेंगांना लाल दोरा बांधा." काकांनी बांधला. उरलेल्या आठ-पंधरा दिवसांत खाऊन संपल्या. वेलावर राहिल्या त्या सहाच.

त्याच सुमारास चिंगी बारा दिवसांची रजा घेऊन आली. काकांना कोण आनंद! त्यांनी गच्चीवर जाऊन सहाही शेंगा तोडल्या, स्वतः भाजी केली आणि लेकीच्या ताटात वाढली. वेलावर आता काही नाही आणि कप्पा म्हणतो पालकाची तारीख आली, म्हणून वेल उपटून तिथे पालक पेरला. शेंगांचे दोरे वाया कशाला घालवायचे, म्हणून ते नीट गुंडाळून माझ्यात ठेवले, घेवड्याच्याच कप्प्यात. मी आतून नुसता तळमळत होतो.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "अहो, लाल दोऱ्याच्या शेंगा वाळल्या का? बी धरायचंय."

काकांचा चेहरा पडला. "वाळताहेत," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही वाळत होत्या, चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी काकूंनी मला मांडीवर घेतलं आणि झाकण उघडलं.

"अहो, जरा इकडे या. शेंगा वाळताहेत ना? मग हे दोरे खाली चालत आले का?"

काका दारातच थांबले. "मला वाटलं, चिंगीच्या आहेत. या घरात लाल दोरा म्हणजे चिंगीचं. तूच तर शिकवलंस."

"आणि वेल?"

"पालकाची तारीख होती गं."

काकूंना आधी हसू आलं. मग हसता हसता डोळे भरून आले. "आईनं दिलेलं तेवढंच होतं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. काका पलंगाच्या काठावर बसले. थोड्या वेळानं काकूंनी डोळे पुसले. "जाऊ दे. एवढं तोंड पाडू नका. चिंगीकडे आहे ना वेल! ती पाठवेल चार दाणे. काय गं चिंगे?"

चिंगी खिडकीपाशी उभी होती. ती बाहेरच बघत राहिली.

"अगं, विचारतेय मी."

"आई, नाहीये माझ्याकडे वेल. मी लावलाच नाही कधी." ती आईकडे वळली. "पहिल्या वर्षी खोली अंधारी होती. तू फोनवर इतकी खूश झालीस, की खरं सांगवेना. मग दर रविवारी तेच पुढे रेटत गेले."

काकूंनी माझं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मग सहा वर्षं मी कुणाचा शेंडा खुडायला सांगत होते?"

मित्रांनो, मी जन्मतः हातोड्याखाली गेलो आहे, पण त्या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी चहा आला तो निवून गेला. संध्याकाळी त्यांनी मान न वळवताच विचारलं, "पुडी टाकलीस की आहे?"

"आहे. बॅगेच्या आतल्या कप्प्यात. कुठेही गेले तरी बरोबर असते."

"आण."

पुडीत नऊ दाणे निघाले. सहा वर्षांचं जुनं बी, त्याचा काय भरवसा? काकूंनी फ्लॅनेलची चिंधी ओली केली, दाणे त्यात गुंडाळले आणि ती ताटली माझ्या झाकणावर ठेवली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दोन दाण्यांना बुरशी आली, पाचव्या दिवशी आणखी पाचांना. चिंगीची रजा संपत आली होती. रोज सकाळी तिघं माझ्याभोवती जमायचे आणि कुणी श्वासही मोठ्यानं घ्यायचं नाही. सहाव्या दिवशी काकूंनी चिंधी उलगडली. दोन दाण्यांना पांढरी मुळं फुटली होती.

"दोन आहेत," काका म्हणाले आणि त्यांनी परत मोजले. काकूंनी चिंगीला जवळ ओढलं. "आळशी कुठली! त्या अंधाऱ्या खोलीत लावलं असतंस तर मारून टाकलं असतंस," त्या म्हणाल्या आणि दोघी रडायला लागल्या. काकांनी मातीची बादली गच्चीवरून खाली आणली, पलंगाजवळच्या खिडकीत ठेवली आणि काकूंनी स्वतःच्या हातानं दोन्ही दाणे लावले.

त्या वर्षी वेलानं खिडकीची जाळी झाकून टाकली. या वेळी लाल दोऱ्याच्या शेंगा वाळेपर्यंत काका त्यांच्यावर पहारा करत होते. पुढच्या रजेला चिंगी आली, तेव्हा काकूंनी निम्मं बी काचेच्या बरणीत काढलं आणि मला तिच्या हातात दिलं. "पुडी दिली की तू जपून ठेवतेस. डबाच ने. रोज डोळ्यांसमोर राहील."

माझ्या जागी बरणी! खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. तीस वर्षं राबलो आणि हे फळ? बॅगेत मी पूर्ण प्रवासभर रुसलेलो होतो.

आता मी चिंगीच्या गॅलरीत असतो. नवी खोली उजेडाची आहे. काकांनी माझ्या झाकणाची कड ठोकून सरळ करून दिली होती, ती अजून घट्ट बसते. चिंगी टाके मोजून पेरते. तिच्या बोटांना काचेच्या पावडरीचा वास येतो. वाईट नाही, पण मी अजून त्या दुसऱ्या वासाची वाट बघतो. काकू इथे येणार नाहीत, त्यांना जिने चढवत नाहीत, हे मला कळतं. तरी दारावर टकटक झाली की मला वाटतं, त्याच असतील.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लावलेला फोन मला टेकून उभा होता. चिंगीनं तो उचलला आणि वेलाकडे धरला. पलीकडे काकू पुढे वाकल्या. मग त्यांनी दोन बोटं पडद्यापर्यंत आणली, तिथल्या तिथे हवेत चिमटीत धरल्यासारखी.

"शेंडा खुड गं."

चिंगीनं खुडला. कट्ट असा बारीक आवाज झाला.

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर असा एखादा डबा असेल, कपाटात एखादी पुडी असेल, कुणीतरी हातात दिलेली. तो डबा म्हणजे मीच, असं समजा. माझं झाकण घट्ट लावा, मला ओलीपासून आणि भुंग्यांपासून जपा, एवढी माझी विनंती आहेच. पण नुसतंच जपू नका. नऊ जपलेल्या दाण्यांतले सात माझ्या डोळ्यांदेखत कुजले आहेत. पेरायचा महिना आला की मला उघडा आणि माझा कप्पा रिकामा करा. रिकामं व्हायला मला आता आवडतं.