एकच बुडी

सोमवार हा मिशनरी मुलींचा धुण्याचा वार. धुणं, किराणा आणि घरी आईला फोन, एवढ्यासाठीच तो राखून ठेवलेला. तरीही त्या सोमवारी सिस्टर टिंगी आपल्या जोडीदारणीला घेऊन डोरीनबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मांडीवर बाप्तिस्म्याचा पांढरा पोशाख होता, विजार नि सदरा एकत्र शिवलेला. शनिवारी तो घालून डोरीनबाई चर्चच्या कुंडात उतरणार होत्या.

"हे मी घालायचं?" डोरीनबाईंनी तो हातभर लांब धरला. "बटाट्याच्या गोदामाला चुना मारायला येतात, त्यांच्यातली दिसेन मी."

"तुमचं बरंय," सिस्टर हेईमुली म्हणाली. "मी आठ वर्षांची असताना घातला, तेव्हा माझी आजी म्हणाली, अगंबाई, पाण्यात ढग उतरला!"

हेईमुली टोंगन घरातली, अंगानं थोराड, हसली की टेबलावरचे पेले वाजायचे. टिंगी विशीतली, काडीसारखी, युटातल्या टर्की पाळणाऱ्या घरातून आयडाहोच्या या बटाट्याच्या मुलखात धाडलेली. मिशनवर असेतो दोघींनी एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही असा नियम, म्हणून त्या सावलीसारख्या बरोबर असत. टिंगीची मुदत संपत आली होती. एवढी दारं ठोठावली, एवढी प्रार्थना केली, पण तिनं शिकवलेलं एकही माणूस अजून पाण्यापर्यंत पोचलं नव्हतं. डोरीनबाई पहिल्याच.

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या डोरीनबाई मॉर्मनांच्या गावात राहून म्हातारपणापर्यंत मॉर्मन झाल्या नव्हत्या. नवरा गेल्यावर शेजारचे एग्बर्ट न सांगता त्यांच्या दारातला बर्फ काढत राहिले, आणि एक दिवस बाईंनी त्यांनाच विचारलं, "तुमच्या देवानं पाठवलं की बायकोनं?" तिथून सुरुवात झाली. मॉर्मनांना कॉफी चालत नाही, तीही आता सुटली होती. कॉफीच्या भांड्यात बाईंनी जिरेनियमची फांदी लावली होती.

फक्त पाणी राहिलं होतं.

लहानपणी त्यांची धाकटी बहीण वांडा शेताच्या कालव्यात वाहून गेली. तिला धरायला उतरलेल्या डोरीनबाईही पाण्याखाली गेल्या. त्यांना काढलं, वांडाला नाही. तेव्हापासून त्यांनी तोंड पाण्याखाली घातलं नव्हतं. केससुद्धा मान मागे टाकून, खाली तसराळं ठेवून धूत.

"किती वेळ राहावं लागेल खाली?" पोशाखाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं. आवाज सहज होता, घडी मात्र तीनदा विस्कटली.

"एकदाच," टिंगी म्हणाली. "एकच बुडी. श्वास रोखायचा अवकाश, की बाहेर."

हेईमुलीनं तिच्याकडे बघितलं. बाप्तिस्म्याला कुंडाच्या दोन्ही अंगांना एकेक साक्षीदार उभा राहतो. माणूस अख्खा बुडायला हवा; केसाची बट, बोटाचं टोक वर राहिलं तरी ते धरत नाहीत, पुन्हा बुडवतात. त्यांच्यात शेंबडं पोरही हे जाणतं. पण डोरीनबाई त्यांच्यात वाढल्या नव्हत्या, आणि टिंगीला त्यांना घाबरवायचं नव्हतं.

"मग साक्षीला तूच उभी राहा," डोरीनबाई म्हणाल्या. "वर येताना ओळखीचं तोंड दिसलं की बरं."

टिंगीचा चेहरा दिव्यासारखा उजळला.

बाहेर पडल्यावर हेईमुली म्हणाली, "एकदाच म्हणालीस, सिस्टर."

"एकदाच होतं बहुतेकांचं."

"बहुतेकांचं. माझा मामा चारदा बुडवला. शेवटी बिशप म्हणाले, आता कुणीतरी त्याच्या पोटावर बसा."

टिंगीला हसू आलं नाही.

मंगळवारी त्या एग्बर्टांच्या शेतात बटाटे काढायला गेल्या. त्या दिवसांत तिथं शाळाही बंद असतात. ज्याला हात आहेत तो शेतात. बुधवारी संध्याकाळी एग्बर्ट तालमीला आले, कारण बाईंना पाण्यात उतरवण्याचा मान त्यांनाच होता. डोरीनबाई खुर्चीत बसल्या, एग्बर्टांनी पाठीमागे हात धरून खुर्ची कलती केली.

"ब्रदर एग्बर्ट, गाय धुताय का?" बाई ओरडल्या.

"गाय एवढी बोलत नाही," ते म्हणाले.

बाईंचा उजवा पाय नेहमीसारखा स्टुलावर सरळ ताठ होता. शाळेत लागण्याआधी, तरुणपणी बटाट्याच्या गोदामातल्या सरकत्या पट्ट्यात सापडून गुडघा गेला, तो पुन्हा कधी वाकलाच नाही. सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातला तो पाय. दाराशी चपला असतात तसा. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. टिंगीचं लक्ष बाईंच्या तोंडाकडे होतं. पाण्याची सवय व्हावी म्हणून नाकावर ओला रुमाल धरून त्या डोळे गच्च मिटून घेत होत्या, आणि गळ्याची शीर टरारली होती.

गुरुवारी रुमाल जास्त वेळ राहिला. "बघा," बाई लाल चेहऱ्यानं म्हणाल्या, "मेले नाही."

शुक्रवारी टिंगीनं उपास धरला. अन्न नाही, पाणी नाही, मनात एकच मागणं: त्यांना भीती वाटू देऊ नकोस. नेमकं त्याच दिवशी मंडळीतल्या एका घरी जेवणाचं बोलावणं होतं. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांची थाळी तिच्यापुढे आली. यजमानीण हिरमुसू नये म्हणून हेईमुलीनं दोघींचं खाल्लं.

"तुझा उपास माझ्या कंबरेवर बसतोय," गाडीत ती कण्हत म्हणाली.

"तू पण धर ना."

"मी जेवताना प्रार्थना करते. देवाला दोन्ही ऐकू येतं." मग ती म्हणाली, "सिस्टर, त्यांना सांग. पुन्हा बुडवावं लागू शकतं म्हणून. अजून वेळ आहे."

डोरीनबाईंच्या घरावरूनच गाडी चालली होती. खिडकीत दिवा होता. टिंगीनं गाडीचा वेग कमी केला. मग तिला वाटलं, आजची रात्र तरी त्यांना स्वस्थ झोपू दे. ती पुढे निघून गेली.

शनिवारी कुंडापाशी सगळं गोड होतं. पाणी कोमट केलेलं, मुलं पुढे जमिनीवर पसरलेली, कुणी बिस्किटं आणलेली. डोरीनबाई कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. एका अंगाला टिंगी, दुसऱ्या अंगाला म्हातारे हॅच साक्षीला. हॅचांच्या जाड चष्म्यावर पाण्याची वाफ धरली होती. ते भक्तिभावानं समोर बघत होते, पण त्यांना मुंगीपासून हत्तीपर्यंत काही दिसत नव्हतं.

एग्बर्टांनी हात उचलून शब्द म्हटले. डोरीनबाईंनी टिंगीकडे बघितलं, नाक दाबलं, आणि त्या मागे गेल्या.

त्या गेल्या, आणि तो पाय वर आला. न वाकणारा, ओंडक्यासारखा तरंगत आलेला. पाण्याबाहेर अंगठा दिसला. नखाला लाल रंग होता, या दिवसासाठी मुद्दाम लावलेला.

पाणी खळाळलं. डोरीनबाई वर आल्या, ठसकत, रडत, हसत. "झालं? झालं ना? मी केलं!"

मुलं टाळ्या वाजवायला लागली. हॅचांनी मान डोलावली, "झालं." एग्बर्टांनी टिंगीकडे बघितलं.

तिनं नुसती मान हलवली की झालं. हॅचांना दिसलं नाही, मुलांना दिसलं नाही. पण तिला साक्षीला उभं केलं होतं ते बघण्यासाठी. मनात ती म्हणत होती, देवा, तू पाहिलंस ना, मग मला का विचारतोस? डोरीनबाई डोळ्यांतलं पाणी निपटून तिचंच तोंड शोधत होत्या.

"पाय," टिंगी म्हणाली. "पाय वर होता."

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे?" डोरीनबाईंनी विचारलं.

"म्हणजे अजून एकदा, डोरीन," एग्बर्ट हळू म्हणाले. "मी पाय खाली धरायला कुणाला बोलावतो. काही नाही, एकदाच..."

"एकदाच झालं," डोरीनबाई म्हणाल्या.

हेईमुली बूट काढून पायऱ्यांपर्यंत आली होती, कपड्यांनिशी उतरायच्या तयारीत. एग्बर्टांनी पुन्हा पाठीमागे हात धरला. पाणी कानाला लागलं तशी डोरीनबाईंनी कठडा पकडला तो सुटेना. तोंडातून आवाज आला, तो बाईचा नव्हता, लहान पोरीचा होता. "नको, नको, नको." पुढे बसलेल्या एका मुलानं रडायला सुरुवात केली. एग्बर्टांनी लगेच त्यांना सरळ उभं करून हात काढून घेतले.

बाईंना पायऱ्या चढवताना टिंगीनं टॉवेल पुढे केला. डोरीनबाईंनी घेतला. तिच्याकडे बघितलं नाही.

"तू एकदाच म्हणाली होतीस," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी प्रार्थना संपल्यावर दोघी त्यांच्या दाराशी गेल्या. आतून कॉफीचा वास येत होता. जिरेनियमची फांदी खिडकीत पेल्यात होती.

"या, पोरींनो." डोरीनबाईंचा आवाज बसला होता. पाय स्टुलावर. "तोंड असं का केलंयस? मी रागावले नाही. दिसला पाय तर तू काय करणार?"

"मी आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं." त्यांनी घोट घेतला. "तर मी उतरलेच नसते. की उतरले असते, कोण जाणे."

"पुन्हा कधीतरी..." टिंगीनं सुरुवात केली, आणि बाईंनी टेबलाची कड कुंडाच्या कठड्यासारखी पकडलेली पाहून थांबली.

"माझं मन येतं ग," डोरीनबाई म्हणाल्या. "अंग येत नाही."

टिंगीजवळ तोंडपाठ वचनं होती, प्रार्थना होती, उपास होता. त्यातलं काहीच त्या स्वयंपाकघरात ठेवायला जागा नव्हती. ती म्हणाली, "मी काही करू का? काहीही सांगा."

डोरीनबाईंनी डोक्याला हात लावला. "केसांना त्या कुंडाच्या औषधाचा वास येतोय. काल धुवायला बसले, तर तांब्या उचलवेना."

हेईमुलीनं पाणी तापवलं. टिंगीनं बाह्या सारल्या. डोरीनबाईंनी खुर्चीत मान मागे टाकली, खाली तसराळं ठेवलं. टिंगीनं एक हात त्यांच्या कपाळावर आडवा धरला, बांध घालावा तसा, आणि दुसऱ्या हातानं थोडं थोडं पाणी सोडायला सुरुवात केली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी टिंगीचं मनगट धरलं आणि वर तिच्याकडे बघत राहिल्या.

"तोंडावर नाही हं," त्या म्हणाल्या.

"नाही," टिंगी म्हणाली. आणि या वेळी कपाळावरचा हात तिनं जराही ढळू दिला नाही.