दोनखणी आणि एकेचाळीस पाय

या मित्रांनो, बसा. त्या स्टुलावर नको, ते डगमगतंय. बाकावर बसा. एकेचाळीस पाय एका दमात कसे गेले आणि परत कसे आले, ते सांगतो. मधे उठायचं नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. तुम्हाला वेगळं वाटलं तर वाटू दे, मी ऐकणार नाही.

मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हणजे किती, तर माझं अख्खं बिऱ्हाड पुठ्ठ्यासारख्या वाकणाऱ्या एका काळ्या फ्लॉपीत मावतं. तुमच्या फोनमधला एक फोटो माझ्याकडे पाहुणा यायचा म्हटला, तर भिंती पाडाव्या लागतील. हसा, हसा. पण त्या इवल्याशा घरात मी जे काम केलं, ते तुमच्या फोटोला जमायचं नाही.

माझं काम फायली सांभाळायचं. तेव्हा संगणक चालू केला की समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. बास. एक फाईल इकडून तिकडे न्यायची तरी हुकूम टाईप करायचा, टिंबासकट. एक अक्षर चुकलं की मशीन म्हणणार, कळलं नाही. ज्यानं मला लिहिलं त्याची बोटं होती जाड. दिवसातून पन्नास वेळा 'कळलं नाही' वाचून तो वैतागला आणि त्या वैतागातून मी जन्मलो. त्यानं पडद्याचे दोन खण पाडले. डाव्या खणात मशीनच्या पोटातल्या फायली, उजव्या खणात फ्लॉपीतल्या. प्रत्येकीचं नाव, आकार, तारीख, वेळ, सगळं उघड्यावर. एक उजळ पट्टी फिरायची. पट्टी ज्या खणात, हुकूम त्या खणात चालणार. एक बटण दाबलं की फाईल पलीकडे, दुसरं दाबलं की फाईल पुसली. आणि पुसायच्या आधी मी विचारायचो, 'नक्की?' माझ्या बापानं मला तेवढा एकच संस्कार दिला. पण पक्का दिला.

मी कामाला लागलो ते नकली पाय बनवणाऱ्या कारखान्यात. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. भिंतीला खिळे, खिळ्यांना टांगलेले पाय. चामड्याचा वास, प्लास्टरची धूळ. पाय बनवायचे मिस्त्री आणि मापं घ्यायची त्यांची थोरली बहीण. तिला सगळी दुनिया ताई म्हणायची. आधी ती पायांचे पट्टे शिवायची. संगणक आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, ह्या डबड्याला तूच हात लाव. मला घाम फुटतो." ताईनं मला फ्लॉपीतून वर काढलं, मशीनमध्ये बसवलं आणि फ्लॉपीवर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'दोनखणी'. तेव्हापासून माझं नाव दोनखणी. बापानं ठेवलेलं नाव मी विसरलो.

त्यांची पद्धत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माणूस यायचा, ताई टेपनं मापं घेऊन त्याच्यासमोरच मशीनमध्ये भरायची, मिस्त्री प्लास्टरचा साचा घ्यायचे. साच्यावरून ती मापं ताडून झाली की ताई साचा फोडून टाकायची. खोलीत जागाच नव्हती. म्हणजे माप राहिलं ते एका फाईलीत. तेव्हा फाईलीच्या नावात आठच अक्षरं मावायची, म्हणून ताईनं पहिलं अक्षर पायाला दिलं. उजव्याला यू, डाव्याला डी. पुढच्या सात अक्षरांत माणूस. फाईलीच्या आत नुसते आकडे. ताई म्हणायची, आत पण लिहूया उजवा की डावा. मिस्त्री म्हणाले, "नाव ओरडून सांगतंय की. परत परत काय लिहायचं?"

पाच वर्षं मी हे सांभाळलं. एकदाही माझ्याकडून माप हरवलं नाही.

आणखी एक. ते मशीन रोज सकाळी उठलं की तारीख आणि वेळ विचारायचं. त्याला स्वतःला काही आठवायचं नाही. ताई भिंतीवरच्या घड्याळात बघून बरोब्बर भरायची. मिस्त्रींनी चालू केलं की मोकळंच बटण दाबून पुढं जायचे, मग त्या दिवशीच्या सगळ्या फायली कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या. मिस्त्रींना कुणी प्रश्न विचारलेला खपायचा नाही. माणूस सोन्यासारखा, पण कपाळावर आठी कायमची.

एकदा ताई बाहेर गेली होती आणि मिस्त्री जुन्या फायली पुसायला बसले. मी विचारलं, नक्की? हो. पुढची. नक्की? हो. सातव्या वेळी त्यांनी पटाशी टेबलावर आपटली. "नक्की का, नक्की का. अरे, सासू आहेस का माझी?" आणि शोधून शोधून त्यांनी माझ्या पोटातली त्या प्रश्नाची खूण काढली. प्रश्न बंद. मी प्रोग्राम आहे मित्रांनो, मालकानं तोंड बांधलं की बांधलं. ताईला त्यांनी सांगितलं नाही. विसरले असं म्हणतात. मी म्हणतो, टाळलं.

मग तो गुरुवार आला. दुपारची वेळ. माऊसवाला आला होता. हा गडी दुकानांतून संगणक बसवत फिरायचा आणि प्रत्येकाला माऊस गळ्यात मारायचा, म्हणून माऊसवाला. बरोबर फ्लॉप्यांची चळत. "मिस्त्री, आता चित्रांचा जमाना. फाईल उचलायची, टोपलीत टाकायची. हे दोन खणांचं कपाट किती दिवस वापरणार तुम्ही?"

"पाणी गळतंय का त्यातून?" ताई म्हणाली. "मग राहू दे की."

"ताई, तुम्ही एकदा बघा तर. मला फक्त एक रिकामी फ्लॉपी द्या."

ताई आत पट्टे कापायला गेली. मिस्त्रींनी गेल्या वर्षीची फ्लॉपी घातली. त्यातले पाय कधीच घरी गेले होते. त्यांना उजवा खण रिकामा करायचा होता. पण पट्टी होती डाव्या खणात. त्यांचं लक्ष माऊसवाल्याच्या गप्पांत. सगळ्या फायलींवर खूण केली आणि पुसायचं बटण दाबलं.

मला दिसत होतं. डावा खण, करायच्या पायांची एकेचाळीस मापं, एकाही पायाला अजून हात लागलेला नाही. मी विचारलं असतं, मिस्त्रींची नजर पडद्यावर आली असती, संपला विषय. पण विचारू कशानं? तीन सेकंदांत डावा खण कोरा झाला.

मिस्त्रींनी बटणावरचा हात काढला. मग म्हणाले, "ताई, जरा बाहेर ये."

ताईनं पडदा बघितला. हातातला पट्टा खाली ठेवला. "पोस्टमनचा पण गेला?"

पोस्टमनचं असं होतं. पलीकडच्या डोंगरातला माणूस, पाय गाडीखाली गेलेला. कचेरीनं सांगितलं होतं, सोमवारी स्वतःच्या पायांवर हजर व्हा, नाहीतर कायमचं टेबलावर बसून शिक्के मारा, तुमच्या वाटेवर दुसरा माणूस घालतो. तो ताईला म्हणाला होता, "मला टेबल नको हो. माझी घरं माझी वाट बघतात." त्याचा पाय शनिवारच्या ट्रकनं जायचा होता. आणि साचा फोडून झाला होता.

माऊसवाला माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बघा, जुन्या प्रोग्रामनं घात केला ना? माझ्या टोपलीतून परत काढता आलं असतं. आता गेलं ते गेलं. मी नवं घालून देतो, निदान पुढं तरी..." आणि त्यानं पहिली फ्लॉपी आत सरकवून चालूही केली.

घात? मी? पाच वर्षं चोख काम केलेल्यानं? माझं तोंड बांधायचं आणि मग म्हणायचं, हा बोलला का नाही? हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही.

आणि गेलं ते गेलं, हेही खोटं. तेव्हा पुसणं म्हणजे काय होतं, ते सांगतो. फाईल पुसली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडलं जायचं. आतले आकडे जागच्या जागी. मशीन एवढंच समजायचं की जागा मोकळी आहे. त्यावर नवं काही लिहिलं गेलं, की मात्र खरंच राख. आणि हा बाबा नवंच लिहायला बसला होता.

ताईला हे ठाऊक होतं. माझ्याबरोबर आलेलं पुस्तक तिनं जेवताना वाचलेलं. तिनं सरळ मशीनचं बटण बंद केलं.

"अहो ताई, असं मधेच..."

"तुमचा हात मागे घ्या. कशालाही हात लावायचा नाही. " मग भावाकडे वळून, "तूसुद्धा."

मग तिनं टेबलाच्या खणातून माझी मूळ फ्लॉपी काढली, फडक्यानं पुसली आणि मशीन माझ्यावरून उठवलं, म्हणजे पोटात नवं काही लिहिलं जायला नको. मूळ फ्लॉपीतला मी. माझं तोंड कुणी बांधलेलं नव्हतं. मी पुसलेल्यांची यादी दाखवली. दोन मापं माऊसवाल्याच्या फ्लॉपीखाली चिरडली होती, त्या दोघांना परत यावं लागलं. एकोणचाळीस शाबूत. प्रत्येक नावाच्या तोंडाशी एक प्रश्नचिन्ह. आणि मी विचारलं, पहिलं अक्षर काय?

पहिलं अक्षर म्हणजे पाय. उजवा की डावा, तेवढंच पुसलं गेलं होतं. मी काय, यू सांगा की डी सांगा, घेणार. खरं-खोटं मला कळत नाही, ते सांगणाऱ्याच्या गळ्यात.

ताई भावाला म्हणाली, "बस. ज्याला प्रश्न नको होते, त्यानंच उत्तरं द्यायची."

मिस्त्री स्टुलावर बसले, डोळे मिटले. माणूस दारातून आत कसा आला, ते त्यांच्या कानात राहायचं. ताई नाव वाचायची, ते ऐकत बसायचे, जसा काही तो माणूस आत्ता येतोय.

"बेकरीवाला."

"कुबडी, मग पाय. कुबडी डाव्या बगलेत. डावा."

"गाणं शिकवणाऱ्या बाई."

"उंबऱ्याशी थांबल्या, उजव्या हाताची भिंत धरली. उजवा."

अडतीस वेळा मी विचारलं, अडतीस वेळा मिस्त्रींनी सांगितलं. एकदाही आठी नाही. मग ताई म्हणाली, "पोस्टमन."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "तो चालत आलाच नाही, ताई. दोघांनी खुर्चीवर उचलून आणलं. मला काही ऐकूच आलं नव्हतं."

"फोन करून विचारा की," माऊसवाला म्हणाला.

"गावात फोन एकच, तो त्याच्याच कचेरीत," ताई म्हणाली. "साहेबाला काय सांगू, पाय अजून कापायलाही घेतला नाही? सोमवारपर्यंत थांबतील का ते?"

ती आठवत बसली. "बाकावर बसवलं होतं त्याला. त्याचा एकुलता बूट एवढा चकाकत होता की टेपवरचे आकडे दिसेनात. ती चकाकी उन्हाची होती की दिव्याची, एवढं कळलं तर..." ऊन दारातून येतं, बाकावर बसलेल्याच्या डाव्या पायापुरतंच. दिवा टांगलाय उजव्या पायाच्या बाजूला, त्याचा उजेड तिकडच्याच बुटावर, आणि तो दुपारनंतर लागतो.

आता माझी पाळी होती. मी फक्त जे पाच वर्षं दाखवत होतो ते दाखवलं. नावापुढे आकार, आकारापुढे तारीख, तारखेपुढे वेळ. सकाळचे नऊ वाजून अठरा मिनिटं.

ताईनं पडद्यावर बोट टेकवलं. "ऊन. बूट डाव्या पायात होता. गेलेला उजवा."

"वेळ खरी कशावरून?" मिस्त्री हळूच म्हणाले.

"त्या दिवशी मशीन मी चालू केलं होतं, तू नव्हे."

मिस्त्री मान खाली घालून लाकूड निवडायला उठले. शनिवारी ट्रकमध्ये पाय गेला. उजवा.

पंधरा दिवसांनी दुपारी दारात पावलं वाजली. मिस्त्री कानस घासत होते. मान वर न करता म्हणाले, "उजवा. या पोस्टमन. बक्कल एक भोक घट्ट करायला हवं."

तोवर मिस्त्रींनी स्वतः माझा प्रश्न परत चालू केला होता. ताईनं नव्हे, त्यांनी. त्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं.

पुढं चित्रं आली, माऊस आला, टोपली आली. येऊ दे. मी मेलेलो नाही, बेकार झालोय. त्यात फरक आहे. आता मी ह्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या बकलांच्या शेजारी पडलेला असतो. रडत नाही. ज्यानं अडतीस पाय कानानं आणि एक पाय घड्याळानं परत येताना बघितलेत, तो कशाला रडेल?

पण मित्रांनो, आलाच आहात तर एक काम करा. मिस्त्रींचा खिळे उचलायचा लोहचुंबक कुणीतरी वरच्या खणात टाकलाय. चुंबक फ्लॉपीजवळ आला की तिच्यावरचं सगळं विस्कटतं, आणि ते मलाही परत आणता येत नाही. तो उचला आणि खोलीच्या पार पलीकडे ठेवा. आणि घरी गेल्यावर एखाद्या यंत्रानं तुम्हाला 'नक्की?' असं विचारलं, तर त्याचं तोंड बांधू नका. हात थांबवा, पट्टी कुठल्या खणात आहे ते बघा, आणि मग काय ते उत्तर द्या.