भाऊजींची दुसरी सिस्टिम

त्या घरात धाकट्या दिराला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. लहानपणी त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं आणि नंतर ते कुणालाच बंद करता आलं नव्हतं, तेव्हापासूनचं हे नाव. आता तिशीचा बाप्या झाला, तरी हातांची खाज काही गेली नव्हती. वहिनी तेवढी त्याला रीतीने ‘भाऊजी’ म्हणायची आणि अहोजाहो करायची.

वहिनी जिन्यांचे नकाशे काढायची. लाकडी जिने, वळणाचे, अडचणीच्या जागेतले. पायरी किती रुंद, कठडा कुठून वळणार, हे ती कॉम्प्युटरवर आखायची आणि सुतार त्याबरहुकूम लाकूड कापायचा. त्या सकाळी सुताराला एका जुन्या घराचा नकाशा हवा होता. तिथला कुजलेला जिना त्याने आदल्या दिवशीच उखडून टाकला होता. वरच्या मजल्यावर म्हातारे नवरा-बायको, आणि खाली यायला आता फक्त शिडी. आजोबांचे गुडघे असे की शिडी त्यांनी नुसती बघायची. वहिनीने नकाशा संध्याकाळीच पुरा केला होता. सकाळी ताज्या डोळ्यांनी मापं एकदा तपासायची आणि पाठवायचा, एवढंच बाकी होतं.

तिने बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ आणि खाली लुकलुकणारी रेघ. बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ, तीच रेघ.

“अहो, माझ्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला?”

नवरा दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, “तू झोपलीस, मग तो बसला होता थोडा वेळ. नवी सिस्टिम टाकतो म्हणाला. जुनी पण राहते, नवी पण. सुरू करताना विचारतं म्हणे, कुठली हवी.”

“मग मला का विचारत नाहीये?”

“अगं, वेगात चालेल म्हणाला. मी म्हटलं, टाक.”

“तुम्ही म्हटलंत! कॉम्प्युटर तुमचा?”

नवऱ्याने गालावर पुन्हा फेस लावायला घेतला. मघाशी दाढी झालेल्या गालावर.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. शास्त्रज्ञ चहात बिस्किट बुडवत होता, शेजारी सासूबाई.

“भाऊजी, काय केलंत?”

“मी? काही नाही वहिनी. टाकायला गेलो, पण मध्येच अडलं. म्हणून सोडून दिलं.” बिस्किट तुटून कपात पडलं. “लाइट गेली असेल. नाहीतर तुमचा कॉम्प्युटरच जुना झालाय.”

“काल संध्याकाळपर्यंत जुना नव्हता तो.”

“सकाळी सकाळी कशाला गं डोक्यात राख घालून घेतेस?” सासूबाई म्हणाल्या. “चांगलंच करायला गेलं ना पोरगं?”

वहिनी पाय आपटत खोलीत परतली. तिथे थांबली असती तर तिचं उत्तर साऱ्या गल्लीने ऐकलं असतं.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने पडद्यावरची ओळ तिच्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, “नेमकं काय काय केलंय त्यात?”

“नवी सिस्टिम टाकायला घेतली आणि अर्धवट सोडली म्हणतात.”

“मग कठीण आहे. डिस्कचं काय झालंय, सांगता येत नाही. बहुतेक सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. आतलं राहील का, याची खात्री नाही.”

फोन ठेवते तोच सुताराचा आला. “ताई, लाकूड समोर ठेवून बसलोय. आजोबा वरून विचारताहेत, जिना कधी. आजी तर काय काय विचारताहेत, ते सांगवत नाही.”

“थोडा वेळ द्या,” ती म्हणाली.

शास्त्रज्ञ दारात उभा होता. “वहिनी, मी काय म्हणतो, पुसूनच टाकू. मी नव्याने सगळं…”

“कीबोर्डला बोट लावलंस तर बघ!”

तो दचकून मागे सरला. वहिनीच्या तोंडून ‘तू’ त्याने कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईही दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

“तिकडे एक म्हातारा माणूस माडीवर अडकलाय,” ती म्हणाली. “तो दुरुस्तीवाला पुसून टाका म्हणतो, कारण तू मला सांगितलंस ते मी त्याला सांगितलं. ते खरं आहे का? लाइट सांगू नकोस, कॉम्प्युटरचं वय सांगू नकोस. काल तू नेमकं काय केलंस?”

शास्त्रज्ञाने आपल्या पायांकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ टॉवेलने कान पुसत होता.

“नवी सिस्टिम नीट बसली होती,” तो अखेर म्हणाला. “चाललीही. पण तिने तुमची बरीच जागा खाल्ली. तुम्ही ओरडाल म्हणून जुन्या सिस्टिममध्ये गेलो आणि नवीचा भाग पुसून टाकला. कुणाला कळणार नाही असं वाटलं.”

“माझ्या फायलींना हात लावला?”

“नाही. देवाशप्पथ नाही.”

तिने पुन्हा फोन लावला आणि फोन दिराच्या हातात दिला. “हेच सांग. एक शब्द गाळू नकोस.”

त्याने सांगितलं. पलीकडून दुरुस्तीवाल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला, “अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! नव्या सिस्टिमने दारावर आपला राखणदार बसवला, आणि तुम्ही त्याचं घरच पाडलं. तो दारात उभा, कुणाला आत सोडायचं ते त्याला कळेना. जुनी सिस्टिम आत धडधाकट असणार. ताईंना द्या.”

मशीन चालू होताना एक बटण दाबत राहायचं, म्हणजे सेटिंगचं पान उघडतं, असं त्याने सांगितलं. पहिल्यांदा तिला उशीर झाला आणि काळा पडदा आला. तिने दात-ओठ खात पुन्हा सुरू केलं. या वेळी पान उघडलं. कुठून सुरू व्हायचं, त्या यादीत नव्या सिस्टिमचं नाव पहिलं होतं आणि जुनीचं त्याच्याखाली. तिने जुनी वर आणली, बदल साठवला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

पडदा उजळला. तिचा नकाशा होता तिथेच होता.

तिने तेवढ्या रागातही सगळी मापं तपासली, मगच तो सुताराला पाठवला.

“झालं ना सुरू?” नवरा म्हणाला. “उगाच घर डोक्यावर घेतलंस.”

ती खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत राहिली. “मला विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते. हे तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाहीत.”

नवरा टॉवेलची घडी घालू लागला. मग ती दिराला म्हणाली, “चपला घाल. जिना बसेपर्यंत त्या दोघांचं जेवणखाण, औषधं, पाणी, सगळं शिडीवरून तू चढवायचंस. उशीर का झाला, तेही तूच सांगायचं.”

“पोरगं पडेल गं शिडीवरून,” सासूबाई म्हणाल्या.

“आजोबांना पडायची भीती नाही का, आई?”

शास्त्रज्ञ गेला. दिवसभर शिडी चढला-उतरला. आजींनी त्याला असं फैलावर घेतलं की सुतारानेही मध्येच करवत थांबवली म्हणे. संध्याकाळी तो खांदे चोळत आला आणि दारातूनच म्हणाला, “वहिनी, चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली.

जेवताना नवऱ्याने हळूच विचारलं, “अजून राग आहे?”

“आहे. उद्याही असेल. तुम्ही जेवून घ्या.”