मागच्या बाकावरची नणंद

शाळा सोडल्यापासून मी मामाच्या फोटो स्टुडिओत असते. दिवे लावायचे, पडदा ओढायचा, रडक्या पोरांसमोर खुळखुळा वाजवायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक घरचंच होतं. दादाचं लग्न ठरलेलं, मुलीकडचे हिंदीवाले, आणि दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायचा होता.

मामाची पद्धत ठरलेली. सख्खे जोडप्याजवळ, बाकीचे मागे बाकावर. नंतर फोटो बघताना कोण कोणाचं ते विचारायला नको.

पण वहिनीच्या बुआनं, म्हणजे तिच्या आत्यानं, मामाला कॅमेऱ्यामागे पिटाळलं आणि सगळी सूत्रं हातात घेतली. बाईचा आवाज असा की स्टुडिओच्या पांढऱ्या छत्रीतला दिवा हलावा.

"चचेरे इधर! फुफेरे, ममेरे, पीछे!" म्हणजे चुलत पुढे, आते-मामे मागे. मग माझ्याकडे बोट. "तू लड़के की कौन?"

मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी आगाऊपणे बोललं, "मौसेरी बहन."

"तो पीछे, बेटा."

माझं डोकंच फिरलं. दादा माझ्या मावशीचा मुलगा, हे खरं. पण मावशी गेली तेव्हा तो रांगत होता. माझ्या आईनं त्याला आमच्या घरी आणून वाढवला. मी जन्मले तेव्हा तो घरात होताच. एका ताटात जेवलो, एका पांघरुणासाठी भांडलो. आणि आता मी मौसेरी? लग्नाच्या आधीच परकी? आई काही बोलेल म्हणून बघितलं, तर ती कौतुकानं सूनबाईचे केस सारखे करत होती.

गेले मागे. बाकावर धाडकन चढले.

"हळू! मोडेल तो!" मामा ओरडला.

"मोडू दे!"

दादानं मागं वळून बघितलं. सूट सावरत उठला आणि सरळ बाकावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

बुआ चकित. "अरे, दूल्हे राजा! वहाँ कहाँ?"

"बहन जहाँ, मैं वहाँ," दादा म्हणाला. त्याचं हिंदी तेवढंच.

आईनं मग बुआला सगळं सांगितलं. बुआनं कपाळावर हात मारला.

"अरे, घर में तो हमारे यहाँ भी सब भाई-दीदी ही होते हैं! मौसेरी-फुफेरी तो बाहरवालों को समझाने के लिए. और तू? मुँह में दही जमा था क्या?"

"तुम्ही बोलू दिलंत का?" मी म्हणाले.

आई माझ्यावर डोळे वटारणार, तेवढ्यात बुआच खो-खो हसली. हाताला धरून मला खाली उतरवलं, मागोमाग दादाही उतरला, आणि मला तिनं वहिनीच्या शेजारी उभं केलं. त्यासाठी स्वतःच्या सख्ख्या भावाला एक जागा सरकवलं.

वहिनीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मतलब सगी ननद? हे भगवान, मैं तो समझी थी, बच गई!"

"आता सुटका नाही," मी म्हणाले, आणि तिच्या दंडाला चिमटा काढला.

तेवढ्यात मामानं बटण दाबलं. फोटोत वहिनी किंचाळतेय.